आधी उठू दे

शिन्चू, ४ मार्च

पेइ-शान ताई,

खोकी काल कुरिअरने निघाली. हे पत्र तुझ्या बोटांखाली येईल तोवर ती शाळेत पोचलेली असतील. प्रत्येक खोक्याच्या तळाशी मी ब्रेलमध्ये क्रमांक टोचून चिकटवला आहे, म्हणजे कोणते खोके कुठल्या मुलाचे हे तुला कुणा डोळसाला विचारावे लागणार नाही.

पुष्कळ वर्षांनी टोचणी हातात धरली. चुकलेला ठिपका पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक शब्द आधी मनात लिहून पाहतो आणि मग कागदावर टोचतो. बाबांच्या मोटरसायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तू मला ब्रेल शिकवलेस, ते मोठ्यांना वाचता न येणाऱ्या चिठ्ठ्या लिहिण्यासाठी. मावशीला अजून वाटते की मी तुला अभ्यासात मदत करत होतो.

मुख्याध्यापक विचारतील, म्हणून खोक्यात काय आहे ते लिहून ठेवतो. आत तळहाताएवढा संगणक-बोर्ड आहे. त्याला यूएसबीच्या तारेने ब्रेलचा कीबोर्ड जोडला आहे. मुलाने ठिपके दाबले की बोर्ड ते अक्षरांत उतरवतो, वाचून दाखवतो, आणि सांगितले तर डोळसांच्या लिपीत छापतो. तारेच्या टोकाला कोण आहे हे ओळखून त्याच्याशी बोलणारा जो प्रोग्राम बोर्डात असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो चिप बनवणाऱ्यांकडून येतो. आमच्या बोर्डावर तो पेंगदादांनी बसवला. पेंगदादा आमच्या विभागाचे प्रमुख.

माझे काम चाचणीच्या टेबलाचे. तिथे एक यांत्रिक बोट दिवसभर बटणे दाबत असते, आणि एकही अक्षर गळत नाही ना, ते मी पाहतो. तुझ्याकडे आलेले प्रत्येक खोके माझ्या टेबलावरून गेले आहे. काही बिघडले तर आधी मला लिही.

आ-रुई


चिआयी, १३ मार्च

आ-रुई,

हे तुझ्याच खोक्यावर लिहितेय आणि खोक्यानेच छापलंय. तुझं पत्र वाचून माझी बोटं सोलली. इतके खोल ठिपके टोचतोस की कागदाची किसणी होते. हात हलका ठेव, कुणी तुझा गळा धरलेला नाही.

आधी चांगलं सांगते. माझ्या वर्गात युन-ची नावाची मुलगी आहे, चौथीतली, फारशी कुणाशी बोलत नाही. पहिल्याच दिवशी तिने आईला पत्र लिहिलं आणि छापून घरी नेलं. आईला ब्रेल येत नाही. पोरीने स्वतः लिहिलेलं तिने आजवर कधी वाचलंच नव्हतं. दुसऱ्या सकाळी तिची आई शाळेच्या फाटकाशी नुसतीच उभी होती. शिपाई मला बोलावून घेऊन गेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "बाई, तिला कारलं आवडत नाही हे मला माहीतच नव्हतं." गेली तीन वर्षं ती पोरीच्या डब्यात कारल्याची भाजी देत होती.

आता वाईट. तुझी खोकी दुपारी मरतात. सकाळी एकदम शहाणी. दुपारी मात्र मुलं बटणं दाबतात आणि खोकं ढिम्म. जसा काही कीबोर्ड जोडलेलाच नाही. बंद करून चालू केलं की परत नीट, पण मुलाने लिहिलेलं सगळं गेलेलं असतं. कधी दोन खोकी मरतात, कधी सगळी. युन-चीचं जवळजवळ रोज. मला वाटतं ती खेळता खेळता तार ओढते. पोरगी गप्प असते, पण हात गप्प नसतात तिचे.

एप्रिलच्या अखेरीस समिती येणार आहे. खोकी शाळेत ठेवायची की परत पाठवायची, ते ती ठरवेल. मुख्याध्यापकांसमोर छाती ठोकून मी ही मागून घेतली आहेत. तेव्हा बघ.

पेइ-शान


शिन्चू, २० मार्च

पेइ-शान ताई,

हात हलका ठेवून टोचतो आहे. वाचता येत नसेल तर कळव.

सोबत नव्या तारा पाठवतो. दोन्ही टोकांना घट्ट बसतात, ओढल्या तरी निघत नाहीत. तरी मला खात्री नाही की दोष तारेचा आहे. तू दुपारी म्हणालीस, म्हणून मला वाटले ऊन. चिआयीला आत्ताच उकडत असेल; आमच्याकडे नुसता वारा. मी केस वाळवायचे यंत्र आणून बोर्ड तापवले, बोट लावता येईना इतके. एकही अक्षर गळले नाही. शेजारच्या टेबलावरचा हुआंग येऊन म्हणाला, "पार्लर उघडलंस का? माझ्याही बोर्डाला जरा भांग पाडून दे." हुआंग विद्यापीठातून शिकून आलेला आहे, प्रोग्राम झटपट लिहितो, आणि त्याच्या तोंडाला लगाम नाही. माझी शाळा अर्धवट सुटली हे त्याला कळल्यापासून तो मला अर्धा इंजिनीअर म्हणतो. वर म्हणतो, अर्धा असून पाऊण काम करतोस, मला लाज आणतोस. म्हणून मी मनावर घेत नाही.

पेंगदादांना सांगितले. मला वाटले होते की ते विचारतील, चाचणीत कसे सुटले. त्यांनी विचारले, "तिला नेमकं काय जाणवलं? तिचे शब्द सांग." मी तुझे पत्र वाचून दाखवले. कारल्याच्या ठिकाणी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ड्रायव्हरचा प्रोग्राम उघडून ओळीमागून ओळ वाचत बसले. त्यांना वाचताना पाहणे मला आवडते. ते ओळीवर बोट ठेवतात, ओठ हलवतात आणि एका वेळी एकच शंका घेतात. ती फिटली की दुसरी. हुआंगच्या तेवढ्या वेळात दहा शंका होऊन जातात, पण त्यातली कुठली फिटली हे त्याला सांगता येत नाही.

त्यांना काही सापडले नाही. म्हणाले, "प्रोग्राम शहाणा दिसतोय. म्हणजे आपण चुकीच्या वेळी बघतोय."

यंत्रांनी शहाण्यासारखे वागावे म्हणून टेबलावर त्यांच्यापाशी ठेवायचे हिरवे खाऊचे पाकीट जुने झाले होते. त्यांनी ते स्वतः बदलले. तूही खोक्यांपाशी एक ठेव. मुलांना ते खाऊ देऊ नकोस.

आ-रुई


चिआयी, २९ मार्च

आ-रुई,

तारा उत्तम आहेत. खोकी तरीही मरतात. हिरवं पाकीट ठेवलंय. मुलं त्याचा वास घेऊन जातात.

युन-चीला मी बाजूला घेऊन विचारलं, तार ओढतेस का. म्हणाली नाही. मी म्हटलं, मग कोण ओढतं? म्हणाली, "मला काय माहीत बाई, मी तर झोपले होते." मला राग आला. वाटलं टोलवतेय. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिचं बाक माझ्या टेबलाला लावून घेतलं. दुपारच्या झोपेची घंटा झाली, मुलांनी बाकावर डोकी टेकली, मी मात्र बसून राहिले, तिच्या तारेवर हात ठेवून. तार हलली नाही. तिचा श्वास ऐकत होते, अगदी गाढ. उठायची घंटा झाली, तिने बटण दाबलं, आणि खोकं मेलेलं.

मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. तर म्हणते, "बाई, तुम्हीपण झोपायला हवं होतं."

आता माझ्याकडे संशय घ्यायला कुणी उरलं नाही. तुझ्याकडे आहे का?

सणाला पूर्वजांच्या समाध्या झाडायला येशील ना? आई भाजीच्या गुंडाळ्या करणार आहे. तू आला नाहीस तर थोरले मामा मला तुझ्याबद्दल विचारत बसतील, आणि मी खरं सांगून टाकीन की मुलगा बोर्डांचे केस वाळवतो.

पेइ-शान


शिन्चू, ९ एप्रिल

पेइ-शान ताई,

समाधीपाशी मी गप्प होतो याचा तुला राग आला असेल. तू तीनदा विचारलेस आणि मी तीनदा गवत उपटायला गेलो. मला काही सापडले होते, पण पेंगदादांचे तपासणे संपलेले नव्हते. खात्री नसलेली गोष्ट तुझ्यासमोर बोललो असतो तर तू ती मुख्याध्यापकांना सांगितली असतीस. आता खात्री आहे, म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

आमच्याकडेही जेवण झाले की दिवे मालवतात आणि सगळे टेबलावर डोके ठेवून झोपतात. मला झोप येत नाही. सकाळी काही राहून गेले का, हेच डोक्यात फिरते. चाचणीच्या यांत्रिक बोटाचा टकटकाट फार होतो, म्हणून त्या वेळात ते थांबवायचे असा नियम आहे. आणि उठल्यावर ते पुन्हा लावण्याआधी सगळे बोर्ड बंद करून नव्याने चालू करायचे, असाही. भिंतीवर तसा कागद आहे. मी नोकरीला लागलो त्याच्या आधीपासून आहे. रोज मी तसेच करत आलो.

तुझे पत्र आले त्याच दुपारी दिवे पुन्हा लागायच्या थोडे आधी मी टेबलाशी गेलो. बोर्ड बंद करायला स्विचवर हात ठेवला आणि युन-चीचे बोलणे आठवले. मी तर झोपले होते. मी हात मागे घेतला. बोर्ड तसेच चालू ठेवून पहिल्या कीबोर्डचे बटण दाबले. काही नाही. दुसऱ्याचे दाबले. काही नाही. सगळी रांग तशीच.

ताई, दुपारी तुमच्याकडे मुले झोपत होती तेव्हा खोकी चालूच राहत होती, आणि त्यांनाही झोप लागत होती. आमच्याकडे बोट दिवसभर त्यांना जागे ठेवते. बोट थांबते तेवढ्यातच ती झोपतात, आणि उठतात कशी हे आम्ही कधी पाहिलेच नाही, कारण आम्हीही झोपलेले, आणि उठल्याबरोबर पहिले काम त्यांना बंद करून नव्याने चालू करण्याचे.

मी पेंगदादांच्या खांद्याला हात लावला. त्यांच्या गालावर बाहीच्या शिवणीचा वळ उमटला होता. मी भडाभडा बोलायला लागलो, झोप, बोर्ड, स्विच, युन-ची. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "थांब बाबा. आधी मला उठू दे, मग विचार."

पाणी प्यायले. मग माझ्याबरोबर आले, त्यांनीही बटण दाबून पाहिले, आणि ते मटकन खुर्चीवर बसले. म्हणाले, "आपण चुकीच्या वेळी बघत होतो. ही ती वेळ."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तारेवर चालणारे बोलणे टिपणारे यंत्र लावले. त्यात दिसले ते असे. खूप वेळ कुणी बटण दाबले नाही की बोर्ड आणि कीबोर्ड दोघेही झोपतात, बॅटरी वाचावी म्हणून. बटण दाबले की बोर्ड जागा होतो आणि कीबोर्डलाही उठवतो. उठवल्यावर त्याला भानावर यायला थोडा अवकाश द्यायचा असतो, आणि मग विचारायचे, कोण तू. पण आमचा ड्रायव्हर उठवतो आणि लगेच विचारतो. कीबोर्ड गप्प. परत विचारतो. गप्प. पुन्हा एकदा विचारतो, आणि समोर कुणी नाही असे समजून त्याचे नाव कापून टाकतो.

पण अवकाश द्यायची ओळ ड्रायव्हरमध्ये आहे. पेंगदादांनी ती ओठ हलवत वाचली होती. म्हणजे मग काय चुकते, ते अजून कळलेले नाही.

हुआंगने एका तासात उपाय काढला. बोर्डाला झोपूच द्यायचे नाही. बिघाड बंद, पण बॅटरी लवकर संपते. पेंगदादांच्या वरचे साहेब म्हणतात हेच पाठवून द्या. पेंगदादांनी मुदत मागून घेतली आहे. तुमच्याकडे बॅटरी किती वेळ पुरायला हवी ते कळव.

आ-रुई


चिआयी, १४ एप्रिल

आ-रुई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वर्गाला वाचून दाखवलं. युन-चीला सांगितलं की तुझ्या एका वाक्याने शिन्चूच्या इंजिनीअरांना कामाला लावलं. ती म्हणाली, मी खरंच झोपले होते.

समाधीपाशी मीही गप्प होते. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की खोकी बांधून ठेवा, समितीसमोर शोभा नको. मी बांधली नाहीत. तुझं ते गवत उपटणं ऐकून मला वाटलं, तुझ्याकडेही काही नाही, आणि तुला सांगता येत नाहीये. म्हणून मीही नाही सांगितलं.

समितीची तारीख अलीकडे आलीय, २४ एप्रिल. दोन वाजता. म्हणजे झोप संपल्यावर लगेच. मी वेळ बदलून मागणार होते, सकाळी करा म्हणून. मग वाटलं, सकाळी दाखवून ठेवून घेतली तर दुपारी मुलांचं काय?

बॅटरी संध्याकाळपर्यंत हवी. मुलं शाळेच्या बसमध्ये लिहितात. युन-चीचं घर शेवटच्या थांब्याला आहे, आणि आईसाठीचं पत्र ती बसमध्येच लिहिते. हुआंगला सांग, तुझा उपाय बसच्या दुसऱ्या थांब्याला उतरतो.

बाकी तुमच्या ड्रायव्हरचं वागणं मला ओळखीचं वाटलं. नवीन असताना मीही उठायची घंटा झाली की मनात दहा मोजायची आणि लगेच पाढे विचारायची. मुलं अशी बसायची जशी काही वर्गात नाहीतच. शेजारच्या वर्गाच्या थोरल्या बाईंनी मला सांगितलं की मी मनात दहापर्यंत मोजते खरी, पण स्वतःच अर्धवट झोपेत असल्याने भराभर मोजते. तोंड धुऊन ये आणि मग मोज, म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही सगळे आधी नळावर जातो.

पेइ-शान


शिन्चू, १९ एप्रिल

पेइ-शान ताई,

या पाकिटात प्रत्येक खोक्यासाठी दुरुस्त ड्रायव्हर घातलेले एक मेमरी कार्ड आहे. खोक्याच्या उजव्या बाजूला खाच आहे. जुने कार्ड दाबले की बाहेर येते. नवे घालताना कापलेला कोपरा तुझ्याकडे ठेव. कार्डांवर ठिपका टोचायला जागा नाही, म्हणून नव्या कार्डांना एका बाजूने पट्टी लावली आहे. पट्टी लागली तर ते नवे.

तुझे पत्र मी पेंगदादांना वाचून दाखवले. थोरल्या बाईंपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला आणि ते वाक्य परत वाचायला सांगितले. मी वाचले, स्वतःच अर्धवट झोपेत असल्याने भराभर मोजते. ते उठले, आणि कीबोर्ड सोडून त्यांनी बोर्डाच्या आतल्या घड्याळाला टिपणाऱ्या यंत्राच्या तारा लावल्या.

ओळ बरोबर होती, ताई. घड्याळ बरोबर नव्हते. थोडा वेळ शांतता असली तर फक्त कीबोर्ड झोपतो, घड्याळ जागे असते, आणि अवकाश पुरेपूर मिळतो. पण शांतता लांबली की घड्याळही झोपते. युन-ची गाढ झोपते, म्हणून तिचे जवळजवळ रोज. मग बटण दाबले की ते दचकून उठते आणि पहिले काही क्षण भरभर धावते. ड्रायव्हर मोजतो बरोबर, पण त्या घड्याळाने.

त्यानंतर त्यांनी काय केले ते सांगतो, कारण मला ते विसरायचे नाही. मला वाटले ते वाट पाहण्याचा आकडा वाढवतील. हुआंग म्हणाला, दुप्पट करा आणि सुटा. पेंगदादा म्हणाले, "चुकीच्या घड्याळाने दुप्पट मोजलं तरी ते चुकीचंच." त्यांनी इतकेच केले की घड्याळ स्थिर झाले का हे आधी पाहायचे आणि मगच मोजायला लागायचे. सगळे मिळून दोन-तीन ओळी. मग हुआंगला बोलावून म्हणाले, यात खोट काढ. हुआंगने दिवसभर खटपट केली, कीबोर्ड बदलले, बॅटरी उतरवली, बोर्ड गार केले. खोट निघाली नाही. शेवटी त्याने माझे केस वाळवायचे यंत्रही मागून नेले, आणि परत देताना म्हणाला, "पार्लर बरं आहे तुझं."

प्रोग्राममध्ये ओळींच्या वर माणसांना वाचण्यासाठी टीप लिहायची पद्धत आहे. पेंगदादांनी लिहिले आहे: आधी उठू दे, मग विचार. मी म्हटले, हे तर तुमचेच वाक्य. ते म्हणाले, "माझं कसलं, चिआयीच्या बाईंचं आहे. मी फक्त झोपेत बोललो."

भिंतीवरचा कागदही त्यांनी बदलला. आता रोज दुपारी बोर्ड चालू ठेवून झोपायचे, आणि उठल्यावर पहिले बटण हाताने दाबायचे. ते काम माझे.

२४ तारखेला दोन वाजता मी टेबलाशी उभा असेन. इथून काही करता येणार नाही, तरी असेन.

आ-रुई


चिआयी, २४ एप्रिल

आ-रुई,

समिती यायची आहे. कार्डं मीच बदलली, पट्टी बोटाला लागली, कापलेला कोपराही. खोकी मुलांच्या बाकांवर मांडून ठेवली आहेत, सगळी चालू. मुख्याध्यापक मघाशी दारात येऊन म्हणाले, लिआओबाई, जेवणानंतर एकदा बंद करून चालू करून घ्या, म्हणजे दगाफटका नको. मी हो म्हटलं आणि करणार नाहीये. आज जेवायला टर्कीच्या मांसाचा भात होता. युन-चीने हिरवं पाकीट आपल्या खोक्याला टेकवून ठेवलंय.

आता झोपेची घंटा झाली. मी यावेळी तारेवर हात ठेवून बसणार नाही, मुलांबरोबर झोपणार आहे. हे पत्र असंच उघडं ठेवते, मध्येच, आणि उठल्यावर माझ्याही खोक्याचं पहिलं बटण मी

उठले. तोंड धुतलं. मुलांनाही नळावर पाठवलं. समिती दारात उभी होती, त्यांच्यातल्या एका बाईंच्या बुटांचा आवाज सारखा होत होता, त्यांना घाई होती. मी म्हटलं, दोन मिनिटं, मुलं नुकतीच उठताहेत.

मग त्यांनीच युन-चीला सांगितलं, काहीतरी लिही. तिने पहिलं बटण दाबलं. थोडी शांतता. तेवढ्या शांततेत मला टोचण्याआधी थांबणारा तुझा हात आठवला. मग खोकं बोललं. बाकीचीही बोलली, एकामागून एक, वर्गात नळ सुटल्यासारखी. त्या बाईंनी युन-चीचा कागद हातात घेऊन मनातच वाचला. बुटांचा आवाज थांबला.

खोकी राहणार. पुढच्या वर्षी पाचवीलाही मिळणार. समिती गेल्यावर मुलांनी हिरवं पाकीट फोडून खाल्लं. मी काही बोलले नाही. नवीन आणेन.

तो मजकूर नंतर मी युन-चीच्या खोक्याकडून वाचून घेतला. लिहिलं होतं: आई, आज मी आणि खोकं दोघं झोपलो आणि दोघंही उठलो.

पेंगदादांना माझा नमस्कार सांग. हुआंगला सांग की बस शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. आणि तू, उद्या दिवे मालवले की डोकं टेबलावर टेकव. बोर्ड उठतील आपापले.

पेइ-शान